फेरोसीनचं कडं: बनवायचं कसं, मोजायचं कसं आणि आकडा खरा कधी मानायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन फेरोसीन अल्काइनच्या (कार्बन-कार्बन तिहेरी बंधाच्या) हातांनी जोडून बंद कडं केलं, तर वीज दोन वाटांनी जाते आणि एकेरी रेणूच्या चौपट वाहते, असं वाचलं. हे प्रयोगशाळेत बनवून सोन्याच्या दोन टोकांमध्ये मोजता येईल का, आणि गाडी कुठे अडते?

बनवता येतं आणि मोजताही येतं. मात्र 'चौपट' डोक्यात ठेवून सुरुवात केली तर हाती आलेला आकडा वाचता येणार नाही. कड्याचा खरा फायदा माझ्या मते वेगळा आहे: ते फेरोसीनचं फिरणं रोखतं. असं का, ते आधी सांगतो, म्हणजे पुढच्या कृतीतल्या अटी उगाच वाटणार नाहीत.

फेरोसीनमध्ये लोखंडाचा एक अणू आणि त्याच्या वर-खाली पाच-पाच कार्बनच्या दोन रिंगा असतात. गोंधळ नको म्हणून या आतल्या रिंगांना मी 'चकती' म्हणेन आणि फेरोसीन जोडून होणाऱ्या मोठ्या रिंगेला 'कडं'. दोन चकत्यांमधलं अंतर साधारण ३.३ अँगस्ट्रॉम असतं. १९५१ साली हा नारिंगी पदार्थ हाती आला, १९५२ मध्ये त्याची रचना उलगडली आणि या वर्गातल्या कामासाठी फिशर व विल्किन्सन यांना १९७३ चं नोबेल मिळालं. आपल्याला त्याच्या दोनच गोष्टींशी घेणं आहे. एक, तो सहज एक इलेक्ट्रॉन सोडतो आणि परत घेतो. दोन, त्याच्या चकत्या एकमेकींवर जात्याच्या दोन दगडांसारख्या फिरतात. फिरण्यातला अडथळा मोलमागे जेमतेम ४ किलोज्यूल आहे, म्हणजे खोलीच्या तापमानाला त्या मोकाट फिरत असतात.

आता चौपटीचा हिशोब. घरातल्या वायरिंगमध्ये दोन सारख्या तारा समांतर जोडल्या तर वाहकता दुप्पट होते. रेणूत इलेक्ट्रॉन लहरीसारखा जातो, त्यामुळे वाटांच्या वाहकता नव्हे तर लहरींच्या उंच्या एकमेकींत मिळतात. पहिली वाट, अधिक दुसरी वाट, अधिक त्या दोघींच्या गुणाकाराच्या वर्गमुळाची दुप्पट. दोन्ही वाटा हुबेहूब असतील आणि लहरी तालात असतील तर बेरीज चार येते. कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने २०१२ मध्ये सेंद्रिय दुपदरी रेणूंवर हे मोजलं, आणि वाहकता दुपटीच्या वर जाऊ शकते हे दाखवलं. पण सोनं आणि रेणू यांचा सांधाच अरुंद असेल, तर आत कितीही वाटा काढा, गर्दी दारातच होणार. शिवाय सांधे कड्यावर समोरासमोर हवेत. घड्याळाच्या १२ आणि ६ वर पकड (सोन्याला धरणारा गट) असेल तर दोन्ही बाजूंनी अंतर सारखं. १२ आणि २ वर असेल तर एक वाट आखूड, दुसरी लांबलचक, आणि लांब वाटेचा वाटा जवळजवळ शून्य. दोन रेघांच्या सुंदर रेखाटनात हे लक्षात येत नाही.

मोठी अडचण फेरोसीनच्या पोटातच आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांत असं दिसलं की फेरोसीनमधून जाणारी वाहकता, तशाच पूर्ण संयुग्मित (इलेक्ट्रॉन टोकापासून टोकापर्यंत पसरू देणाऱ्या) सेंद्रिय रेणूच्या मानाने सुमारे शंभर पट कमी असते. कारण लोखंडाची जागीच अडकलेली डी-कक्षकं (इलेक्ट्रॉनांची घरं) आणि चकत्यांची पसरलेली पाय-प्रणाली (चकतीभर पसरलेले इलेक्ट्रॉन) यांच्या लहरी एकमेकींना खोडतात. चकती फिरली की ही खोडाखोड कमी-जास्त होते आणि वाहकता बदलते. मोकळ्या रेणूत म्हणूनच हिस्टोग्रामचं (कुठली वाहकता किती वेळा आली याच्या आलेखाचं) शिखर पसरट येतं. दोन्ही चकत्यांवरचे हात कड्यात बांधले की कोन ठरून जातो. कड्याकडून मी अपेक्षा ठेवतो ती निमुळत्या, पुन्हा पुन्हा त्याच जागी येणाऱ्या शिखराची. वाहकता वाढली तर बोनस.

आराखडा ठरवताना तीन सापळे आहेत. पहिला: दोन हात सरळ पॅरा-फिनिलिनचे (समोरासमोरच्या टोकांनी जोडलेल्या बेंझिनचे) घेतले आणि फेरोसीनवर ते एकाच बाजूला आले, तर ते पापडासारखे एकमेकांवर ३.३-३.४ अँगस्ट्रॉमवर बसतात. पकड हातांच्या मध्यावर असेल तर वीज फेरोसीनला वळसा न घालता थेट एका हातातून दुसऱ्यात उडी मारते. ही तिसरी वाट कागदावर नसते. क्ष-किरण स्फटिकरचना असेल तर कडं उघडं आहे की मिटलेलं ते कळतं; नसेल तर निदान गणनेने बघा. दुसरा: कडं उघडं राहावं म्हणून मेटा-फिनिलिन (मध्ये एक कार्बन सोडून जोडलेलं बेंझिन) घेतलं आणि पकड ५ क्रमांकावर बसवली, तर ती दोन्ही अल्काइनना मेटा पडते. बेंझिनमध्ये मेटा जोडणी म्हणजे लहरी खोडल्या जाण्याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण; वाहकता दहापट किंवा त्याहून खाली येते. २ क्रमांकावर घेतली तर संयुग्मन राहतं, पण तिथे दाटी होते. तिसरा: पकड थेट फेरोसीनच्या चकतीवर बसवणं. त्यातून समतलीय कायरॅलिटी (डाव्या-उजव्या हातासारखी रूपं) येते आणि सगळा वेळ आयसोमर, म्हणजे ही वेगवेगळी रूपं, वेगळे करण्यात जातो. याला निर्दोष उत्तर नाही. पहिल्याच प्रयत्नात मी ५ क्रमांकाची तडजोड स्वीकारेन, कारण संश्लेषण सोपं आहे आणि आपली तुलना त्याच पकडीच्या एकेरी रेणूशी आहे. मेटाचा दंड दोघांनाही सारखाच बसतो.

पकड कुठली? मोकळा थायॉल (गंधक-हायड्रोजन गट) टाळा. डायसल्फाइड होऊन साखळ्या बनतात आणि पुढे अल्काइन जोडायला लागणाऱ्या पॅलेडियम उत्प्रेरकाला थायॉल मारक ठरतो. थायोअ‍ॅसिटेट सोनोगाशिरात (पॅलेडियमने आयोडाइड आणि अल्काइन जोडण्याच्या अभिक्रियेत) धड टिकत नाही. ४-इथायनिलफिनिल थायोअ‍ॅसिटेट त्या परिस्थितीत आपापसांतच जुळून चक्राकार ऑलिगोमर देतं, हे २०१३ मध्ये नोंदलं गेलंय. पिरिडिन चालतं, पण त्यातलं वहन बहुधा लुमोतून (सर्वांत खालच्या रिकाम्या कक्षकातून) होतं आणि फेरोसीनची मजा होमोत (सर्वांत वरच्या भरलेल्या कक्षकात) आहे. म्हणून मिथाइलथायो. तो पॅलेडियमला सोसतो, हवेत टिकतो, सोन्याला हलकी पण ठरावीक पकड देतो.

आता बनवण्याकडे. सगळी इमारत १,१'-डायआयोडोफेरोसीनच्या (प्रत्येक चकतीवर एक आयोडिन असलेल्या फेरोसीनच्या) शुद्धतेवर उभी आहे. फेरोसीन ५ ग्रॅम (२६.९ मिलिमोल), कोरडं हेक्सेन, टीएमईडीए (लिथियमला मदत करणारं डायअमाइन) ९.३ मिली, आणि २.५ मोलर एन-ब्युटिललिथियम २४.७ मिली, म्हणजे दोन्ही २.३ पट. नायट्रोजनखाली रात्रभर ढवळलं की डायलिथियो फेरोसीनचा नारिंगी गाळ खाली बसतो. एन-ब्युटिललिथियम हवेत पेट घेतं, तेव्हा सिरिंजने ओढताना एकट्याने काम करू नका. मुंबई-कोकणात पावसाळ्यात काचेची भांडी ओव्हनमधून काढून थंड होईस्तोवर बाष्प धरतात. गरम असतानाच व्हॅक्यूमवर घ्या. आणि बाटलीवर २.५ लिहिलंय म्हणून २.५ धरू नका, टायट्रेट करून खरी तीव्रता काढा. लिथियम कमी पडलं की मोनो (एकाच चकतीवर बदल झालेलं फेरोसीन) वाढतं, आणि पुढची सगळी दुखणी मोनोचीच असतात.

गाळ कोरड्या इथरमध्ये घेऊन उणे ७८ अंशांवर आयोडिन १७ ग्रॅम (२.५ पट) इथरमध्ये विरघळवून घाला, सावकाश खोलीच्या तापमानाला येऊ द्या, सोडियम थायोसल्फेटने धुवा. हातात येतं ते गडद तांबडं तेल, ज्यात डायआयोडो, मोनोआयोडो आणि उरलेलं फेरोसीन एकत्र असतं. कॉलमवर हे तिघं हातात हात घालून उतरतात. इथे ऑक्सिडेशनची युक्ती वापरा. प्रत्येक आयोडिनमुळे फेरोसीनचा विभव (इलेक्ट्रॉन काढायला लागणारा व्होल्टेज) साधारण ०.१५ व्होल्टने वर सरकतो, म्हणजे डायआयोडोला ऑक्सिडाइझ करणं सर्वांत कठीण. तेल हेक्सेनमध्ये घ्या आणि सेपरेटिंग फनेलमध्ये ०.२ मोलर फेरिक क्लोराइडच्या पाण्याने धूत राहा. फेरोसीन आणि मोनो फेरोसीनियम होऊन पाण्यात जातात, पाण्याचा थर निळा-हिरवा दिसतो. डायआयोडो वर हेक्सेनमध्येच राहतं. पाण्याच्या थरातला निळेपणा जाईपर्यंत धुवा, शेवटच्या एक-दोन धुण्यांत फक्त फेरिक क्लोराइडचा पिवळा रंग उरला पाहिजे. मग साध्या पाण्याने धुऊन अ‍ॅल्युमिनाच्या बुटक्या थरातून गाळा. थोडं डायआयोडोही जातं, जाऊ द्या. हा पदार्थ अंधारात, थंडीत ठेवा.

कडं एका झटक्यात बंद करायला जाऊ नका. डायआयोडो आणि डायअल्काइन समप्रमाणात एकत्र टाकले तर साखळ्या, दोन-दोनचं कडं, तीन-तीनचं कडं, सगळंच मिळतं. त्याऐवजी आधी इंग्रजी 'यू'सारखा अर्धा तुकडा करा: मध्ये फेरोसीन, दोन बाजूंना पकड असलेले दोन हात, आणि हातांची मोकळी टोकं टीआयपीएसने (नंतर काढता येणाऱ्या सिलिकॉनच्या टोपीने) झाकलेली. यासाठी एका टोकाला टीआयपीएस असलेलं डायअल्काइन २.२ पट घ्यायचं. फेरोसीनचं आयोडाइड इलेक्ट्रॉनांनी भरलेलं असल्याने नेहमीच्या ट्रायफिनिलफॉस्फिनच्या पॅलेडियमला दाद देत नाही. ट्राय-टर्शरी-ब्युटिलफॉस्फिनचं पॅलेडियम वापरलं तर खोलीच्या तापमानालाच काम होतं.

या टप्प्यावर थांबा. टीआयपीएस काढण्याआधी ३०-४० मिलिग्रॅम बाजूला काढून कुपीत ठेवा. हाच तुमचा एकेरी रेणू, म्हणजे कड्याशी तुलना करायचा मोजमापाचा दगड. तेच फेरोसीन, तेच हात, तीच पकड. फक्त दुसरी वाट नाही. टीआयपीएस असतानाच ठेवायचं, कारण मोकळं अल्काइन स्वतःच सोन्याला चिकटतं आणि पकडीचा सगळा हिशोब बिघडतो.

मग उरलेल्यावर टीबीएएफ (टीआयपीएस काढणारा फ्लोराइड क्षार), आणि लगेच पुढची पायरी. उघडी अल्काइन फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवली तर काळपट, न विरघळणारा थर बसतो. बंद करताना ०.२ मिलिमोल अर्धा तुकडा आणि ०.२ मिलिमोल डायआयोडो (८८ मिलिग्रॅम) एकत्र २० मिली टीएचएफमध्ये (टेट्राहायड्रोफ्युरान द्रावकात) विरघळवून सिरिंजमध्ये भरा. फ्लास्कमध्ये १८० मिली टीएचएफ-डायआयसोप्रोपिलअमाइन, पॅलेडियम १० टक्के (सुमारे १० मिलिग्रॅम) आणि कॉपर आयोडाइड ४ मिलिग्रॅम. सिरिंज पंप तासाला २ मिलीवर लावा, दहा तास लागतात. शेवटी एकूण १ मिलिमोलर होतं, पण कुठल्याही क्षणी मोकळ्या तुकड्यांची तीव्रता त्याच्या कितीतरी खाली असते. स्वतःचं शेपूट पकडण्याचा वेग तीव्रतेवर अवलंबून नसतो, दुसऱ्याला पकडण्याचा असतो. सगळा खेळ एवढाच. पॅलेडियम १० टक्के एवढ्यासाठी, की दहा तासांत बरंचसं मरतं.

तीन गोष्टी हमखास चुकतात. द्रावण नीट डिगॅस केलेलं, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढलेला, नसतो. मग कॉपर आणि ऑक्सिजन मिळून दोन अल्काइन एकमेकांना जोडतात आणि डायआइनचा पूल तयार होतो. गोठवा-ओढा-वितळवा तीनदा करा, नुसता नायट्रोजन फुगवून भागत नाही. दुसरी, डायआयोडोत मोनो उरलेलं असतं. ते टोकाला बसून साखळी कायमची बंद करतं. प्रोटॉन एनएमआरमध्ये ४.२ च्या आसपास पाच प्रोटॉनचा उंच एकेरी पट्टा दिसला की हाच चोर. शुद्ध कड्यात फेरोसीनचे फक्त जोडीजोडीने येणारे आभासी ट्रिप्लेट (तिहेरी दिसणारे पट्टे) दिसायला हवेत, आणि टोकाच्या अल्काइनचा प्रोटॉन अजिबात नको. तिसरी, क्लोरोफॉर्म. जुन्या ड्युटेरियम-क्लोरोफॉर्ममधलं आम्ल आणि प्रकाश मिळून थोडंसं फेरोसीनियम करतात. ते अनुचुंबकीय (सुट्या इलेक्ट्रॉनमुळे चुंबकाकडे ओढलं जाणारं) असल्याने सगळे पट्टे फुगतात आणि माणूस 'पॉलिमर झाला' म्हणून नमुना टाकून देतो. क्लोरोफॉर्म बेसिक अ‍ॅल्युमिनावरून घ्या किंवा ड्युटेरेटेड बेंझिन वापरा.

कडं आणि साखळ्या वेगळ्या करायला सिलिकापेक्षा आकारावर चालणारा जेल कॉलम बरा. टोल्युइनमध्ये बायो-बीड्स (अशा कॉलमचे सच्छिद्र मणी) चालतात. सर्वांत मोठ्या साखळ्या आधी, कडं नंतर. मास स्पेक्ट्रममध्ये आयोडिन शिल्लक नाही हे बघा. उत्पन्न दोन अंकी टक्क्यांत आलं तर हात चांगला आहे म्हणायचं.

व्होल्टॅमेट्रीवर (व्होल्टेज बदलत नेऊन रेणू केव्हा इलेक्ट्रॉन सोडतो ते बघण्यावर) थोडं, कारण तिच्यातून लोक भलतेच निष्कर्ष काढतात. बायफेरोसीनमध्ये (एका बंधाने थेट जोडलेल्या दोन फेरोसीनमध्ये) दोन ऑक्सिडेशन लाटा साधारण ०.३५ व्होल्टने वेगळ्या दिसतात. दोन फेरोसीन दोन्ही चकत्यांनी थेट जोडलेलं सर्वांत छोटं कडं, म्हणजे बिसफुलव्हॅलीनडायआयर्न, त्यात हे अंतर ०.६ व्होल्टच्या घरात जातं आणि एक इलेक्ट्रॉन काढल्यावर उरलेला प्रभार दोन्ही लोखंडांवर सारखा पसरतो. मध्ये एक अल्काइन आला की अंतर ०.१३ व्होल्टवर येतं. तुमच्या कड्यात अल्काइन-बेंझिन-अल्काइन एवढा लांब पूल असल्यामुळे बहुधा दोन इलेक्ट्रॉनांची एकच लाट दिसेल. त्यावरून 'वीज जात नाही' असं म्हणू नका. लाटांमधलं अंतर ही ऊष्मागतिकीची गोष्ट आहे, त्यात प्रभारांचं एकमेकांना ढकलणंही येतं. सोन्यामधली वाहकता वेगळी. अंतर्गत संदर्भ म्हणून साधं फेरोसीन टाकलंत तर ते तुमच्याच लाटेवर बसेल. डेकामिथाइलफेरोसीन घ्या, ते साधारण अर्धा व्होल्ट खाली असतं. परतीचं शिखर सुईसारखं टोकदार आलं तर ऑक्सिडाइझ झालेलं कडं हेक्साफ्लुरोफॉस्फेटसह इलेक्ट्रोडवर साचतंय. मोठ्या, सैल पकडीचा बोरेट क्षार वापरला की ते सुटतं.

मोजणी एसटीएमच्या ब्रेक जंक्शनने: सोन्याचं टोक सोन्याच्या पृष्ठाला टेकवून मागे ओढायचं आणि सांधा तुटल्यावर मध्ये अडकलेल्या रेणूची वाहकता मोजायची. सोन्याची ०.२५ मिलिमीटरची तार ताजी कापलेली, सोन्याचा ताजा पृष्ठ, बायस (दोन टोकांमधला व्होल्टेज) १०० मिलिव्होल्ट, ओढण्याचा वेग सेकंदाला १५-२० नॅनोमीटर, द्रावक १,२,४-ट्रायक्लोरोबेंझिन. सोन्याचा एकच अणू उरतो तेव्हाची वाहकता म्हणजे जी-शून्य, ७७.५ मायक्रोसीमेन्स. १०० मिलिव्होल्टवर ती ७.७५ मायक्रोअँपिअर देते. तुमचा रेणू जी-शून्यच्या लाखाव्या भागावर असेल तर प्रवाह ७७ पिकोअँपिअर. इथे नवख्याची पहिली फजिती होते: अँपिअरमागे १० कोटी व्होल्टचा प्रवर्धक आणि १० व्होल्टची मर्यादा, म्हणजे १०० नॅनोअँपिअरलाच सुई अडते. जी-शून्यची पायरी दिसतच नाही, आणि ती न दिसता तुटलेला सांधा सोन्याचाच होता हे सिद्ध होत नाही. लॉगॅरिथमिक किंवा दोन टप्प्यांचा प्रवर्धक लागतोच.

आधी नुसत्या द्रावकात हजार वेळा ओढा. जी-शून्यची पायरी स्वच्छ हवी आणि तिच्याखाली काहीच नको. मग एकेरी रेणू, मग कडं. एकाच दिवशी, त्याच तारेने, प्रत्येकी किमान पाच हजार रेषा (एकेका ओढण्याचा वाहकतेचा आलेख). रेषा हाताने निवडू नका. हिस्टोग्राम लॉग मापावर काढा, आणि अंतरासह द्विमितीय हिस्टोग्रामही. सोनं तुटल्यावर दोन्ही टोकं मागे झेपावतात, तो अर्ध्या नॅनोमीटरहून थोडा जास्त फरक पायरीच्या लांबीत मिळवा आणि बेरीज दोन गंधकांमधल्या अंतराशी ताडा. पायरी फारच आखूड असेल तर टोक मिथाइलथायोवर नाही, बेंझिनच्या पाठीवर किंवा त्या मिटलेल्या हातांवर टेकतंय.

आणि आता तो आकडा. समजा कड्याचं शिखर एकेरीच्या दुप्पट जागी आलं. पेढे वाटण्याआधी द्रावण १ मिलिमोलरवरून ०.१ वर आणि मग ०.०१ वर न्या. जास्त तीव्रतेत दोन रेणू शेजारी शेजारी पकडले जातात आणि तेही नेमके दुप्पटच देतात. पातळ केल्यावर ते शिखर विरून खालचं उरलं, तर ते दोन रेणू होते; जागचं हललं नाही, तर एका रेणूतलं काहीतरी आहे. याच तुलनेत शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदीही नोंदवा. शिखराची जागा तीच राहून रुंदी एकेरीच्या मानाने स्पष्ट कमी झाली असेल, तर फिरणं रोखल्याचा परिणाम दिसतोय असं मी म्हणेन, आणि ते दुपटीपेक्षा जास्त विश्वासार्ह मानेन, कारण ते दोन रेणूंनी नकळत होत नाही.

बायस ०.३ व्होल्टच्या वर सुरुवातीला नेऊ नका. जास्त बायसवर फेरोसीन सांध्यातच ऑक्सिडाइझ होऊ शकतं आणि मग तुम्ही दुसराच रेणू मोजत असता. तो प्रयोग वेगळा आहे, आणि रंजकही. फेरोसीनच्या डायोडचं सगळं यश तिथेच आहे: २०१७ मध्ये अल्काइनने जोडलेल्या दोन फेरोसीनच्या थरातून एका दिशेला उलट दिशेच्या सहा लाख पटींहून जास्त प्रवाह मिळवला गेला. तो रेणू मात्र सरळ साखळीचा होता, आणि मोजला गेला तो एकेकटा नव्हे तर दाट थरात. कड्याचा तसा थर करायचा झाला तर ०.१ ते १ मिलिमोलर द्रावणात सोनं २४ तास ठेवा आणि व्होल्टॅमेट्रीतल्या प्रभारावरून भरण मोजा. साध्या फेरोसीनच्या भरगच्च थराला चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ४३ मायक्रोकुलंब लागतात. कड्यात दोन फेरोसीन असले तरी ते जागा जास्त अडवतं, तेव्हा याहून बराच कमी आकडा आला तर थर विरळ आहे असं लगेच धरू नका. आधी स्फटिकरचनेवरून कड्याचा ठसा किती चौरस नॅनोमीटरचा आहे ते काढा आणि त्यावरून भागा.